राष्ट्राध्यक्षांनी मनात म्हटलं की फाइल खुली होते का?

शंकासुर
सप्टेंबर २०२२ मध्ये ट्रम्प एका टीव्ही मुलाखतीत म्हणाले होते की राष्ट्राध्यक्ष नुसता मनात विचार करूनही कागदाची गोपनीयता उठवू शकतो. तेव्हा सगळे हसले. हसणं ठीक आहे, पण कायदा काय म्हणतो हे मला कुठेच सलग वाचायला मिळालं नाही. आणि एका सहीने (किंवा एका विचाराने) सगळं खुलं होत असेल तर केनेडींच्या खुनाचे कागद १९६३ पासून २०२५ पर्यंत का रखडले? आणखी एक व्यवहारी प्रश्न: पुण्यात किंवा सांगलीत बसलेल्या माणसाला हे कागद मागता येतात का? जाणकारांनी लिहावं. ट्रम्प चांगले की वाईट, यासाठी दुसरे धागे आहेत.

लाल_फीत
मनातल्या मनात होत असेल तर आमच्या सातबाऱ्यावरचा फेरफारही तसाच मंजूर करून टाका म्हणावं. तलाठी खूश, आम्ही खूश.

दप्तरदार
आधी अधिकार येतो कुठून ते बघू. अमेरिकेतली गोपनीयतेची व्यवस्था मुख्यतः राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांवर चालते, संसदेच्या एखाद्या मोठ्या कायद्यावर नाही. सध्या लागू असलेला आदेश १३५२६ क्रमांकाचा, ओबामांनी २९ डिसेंबर २००९ ला सही केलेला. त्यात तीन दर्जे आहेत: कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. १९८८ च्या 'नौदल विरुद्ध ईगन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही माहिती कुणाच्या हाती द्यायची हे ठरवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला सरसेनापती म्हणून थेट राज्यघटनेतून मिळतो. त्यामुळे पदावरचा राष्ट्राध्यक्ष कुठल्याही खात्याचा कागद खुला करू शकतो, यावर फारसा वाद नाही. पद गेलं की अधिकारही त्याच क्षणी गेला.

आता असा एखादा कागद समोर आहे असं समजा. पानाच्या माथ्यावर आणि तळाशी दर्जाची ठळक ओळ. प्रत्येक परिच्छेदाच्या आधी कंसात टीएस, एस, सी किंवा यू (यू म्हणजे गोपनीय नाही), म्हणजे तेवढ्या परिच्छेदाचा दर्जा. पहिल्या पानावर एक चौकट: कुणी गोपनीय ठरवलं, कशाच्या आधारे, कधी खुलं करायचं. गोपनीयता उठते तेव्हा कारकून या जुन्या खुणांवर काट मारतो, 'डीक्लासिफाइड' लिहितो आणि शेजारी कुणाच्या अधिकाराने, कोणत्या तारखेला, तेही लिहितो. हे झालं नाही तर पुढच्या माणसाला तो कागद जुन्या दर्जाचाच दिसतो, आणि तो तिजोरीत परत जातो. शिवाय त्याच अहवालाच्या प्रती इतर खात्यांत असतात, त्यातले परिच्छेद उचलून दुसरे अहवाल केलेले असतात. व्हाइट हाउसमधल्या मनातला विचार त्या प्रतींपर्यंत कोण पोचवणार?

कायदेकानू
दप्तरदार, "फारसा वाद नाही" हे जरा घाईचं झालं. अधिकार आहे यावर वाद नाही, तो वापरला कधी असं मानायचं यावर भरपूर आहे.

जुलै २०१७ मध्ये ट्रम्पनी ट्वीट केलं की सीरियातल्या बंडखोरांना दिले जाणारे पैसे आपण बंद केले. कार्यक्रम गुप्त होता. न्यूयॉर्क टाइम्सने लगेच सीआयएकडे कागद मागितले: राष्ट्राध्यक्षच बोलले, आता लपवण्यासारखं काय उरलं? सीआयएने "असे कागद आहेत असंही म्हणत नाही, नाहीत असंही म्हणत नाही" हे ठरलेलं उत्तर दिलं. प्रकरण दुसऱ्या सर्किटच्या (तिकडच्या विभागवार अपील न्यायालयांपैकी एका) अपील न्यायालयात गेलं. जुलै २०२० चा निकाल: गोपनीयता उठवायची तर ती राष्ट्राध्यक्षानेही ठरलेल्या पद्धतीनेच उठवली पाहिजे, ट्वीटवरून तसा अर्थ काढता येणार नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रम्पनी रशिया चौकशीचे (२०१६ च्या निवडणुकीतल्या रशियन ढवळाढवळीच्या तपासाचे) सगळे कागद पूर्णपणे खुले केल्याचं ट्वीट केलं. पत्रकारांनी ते घेऊन न्यायालय गाठलं. न्यायाधीशांनी विचारल्यावर व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ मार्क मेडोज यांनी शपथेवर लिहून दिलं की ते ट्वीट म्हणजे गोपनीयता उठवण्याचा आदेश नव्हता. घ्या. अशिलानेच आपली बाजू मोडली.

शंकासुर
पण १३५२६ हा आदेश राष्ट्राध्यक्षाचाच ना? स्वतः केलेला नियम स्वतः मोडला तर कोण विचारणार?

कायदेकानू
खरी गाठ तिथेच आहे. एक बाजू म्हणते, आदेश त्याच्या हाताखालच्या माणसांसाठी आहे, तो स्वतः त्याने बांधलेला नाही. दुसरी म्हणते, आदेश बदलेपर्यंत तो सगळ्यांना लागू. बदलायचा असेल तर बदला, पण कुठेतरी नोंद हवी. सर्वोच्च न्यायालयाने या नेमक्या मुद्द्यावर निकाल दिलेला नाही.

'मनात म्हटलं'च्या सगळ्यात जवळ जाणारं उदाहरण बुश यांचं आहे. २००३ च्या जुलैत उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांचे सहायक स्कूटर लिबी यांनी इराकविषयीच्या गुप्तवार्ता अहवालातला मजकूर एका पत्रकाराला सांगितला. पुढे चौकशीत त्यांनी साक्ष दिली की बुश यांनी तो मजकूर सांगायला मुभा दिल्याचं चेनींनी आपल्याला कळवलं होतं. त्या अहवालाचा भाग रीतसर खुला झाला १८ जुलैला, म्हणजे नंतर. मधल्या दिवसांत तोच मजकूर इतर सगळ्यांसाठी गोपनीयच होता. कुणी कारकुनाने तो बाहेर सांगितला असता तर नोकरी गेली असती.

अणुरेणू
एक मोठा अपवाद राहिला. अण्वस्त्रांची माहिती वरच्या आदेशात येत नाही, ती १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यात येते. तिचं नाव 'रिस्ट्रिक्टेड डेटा'. तिला कुणी शिक्का मारावा लागत नाही, ती जन्मतःच गुप्त मानतात. ती खुली करायची वाट संसदेने कायद्यातच घालून दिली आहे आणि ती ऊर्जा खात्यातून जाते. राष्ट्राध्यक्षाने एकट्याने हे केलं तर चालेल का, यावर जाणकारांत दोन तट आहेत, पण पारडं "कायद्याची पायरी टाळता येणार नाही" याकडे जड आहे.

याचा फटका साध्या संशोधकालाही बसतो. १९९८ आणि १९९९ मध्ये काइल आणि लॉट या दोन सिनेटरांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तरतुदी आल्या. जुने गठ्ठे सरसकट खुले करताना त्यात अणुमाहितीचं एखादं पान सटकू नये म्हणून पानन् पान तपासायचं. त्यामुळे परराष्ट्र खात्याच्या निरुपद्रवी फाइलीही तपासनिसाची वाट बघत पडून राहिल्या. २०१० मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारात खास केंद्र काढलं तेव्हा अशी तुंबलेली पानं सुमारे ४० कोटी होती.

बटाटेवडा
४० कोटी पानं! रद्दीवाल्याला बोलवा.

ओली_शाई
रद्दीवाल्याच्या आधी एक गंमत ऐका. सीआयएने एप्रिल २०११ मध्ये आपल्याकडचे सगळ्यात जुने सहा गोपनीय कागद खुले केले. ते १९१७ आणि १९१८ चे होते आणि त्यांत होतं काय, तर अदृश्य शाईची कृती आणि बंद पाकीट मागमूस न ठेवता कसं उघडावं याच्या सूचना. नव्वद वर्षं जपलेलं राष्ट्रीय रहस्य!

बटाटेवडा
लिंबाचा रस आणि इस्त्री. चौथीच्या सुट्टीतला उद्योग.

तारांगण
राष्ट्राध्यक्षाने थेट जाहीर केलं तर काय होतं, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण फोटोचं आहे. ३० ऑगस्ट २०१९ ला ट्रम्पनी इराणमधल्या एका प्रक्षेपण केंद्राचा फोटो ट्वीट केला. रॉकेट तळावरच फुटलं होतं. फोटोत जळलेला चौथरा, भोवतालच्या गाड्या आणि चौथऱ्याच्या कडेला लिहिलेली अक्षरं स्पष्ट दिसत होती. तेव्हा बाजारात मिळणाऱ्या उपग्रह चित्रांत इतका तपशील नसायचा. हौशी उपग्रह-निरीक्षकांनी सावल्यांवरून वेळ काढली, फोटोतल्या गोल चौथऱ्याच्या लांबट आकारावरून कॅमेऱ्याचा कोन काढला, आणि त्या वेळी त्या जागी यूएसए-२२४ हा हेर उपग्रहच होता हे पाहता पाहता सांगून टाकलं.

म्हणजे जगाला सगळं कळलं. पण कागदोपत्री? मूळ चित्र गोपनीयच राहिलं. एनपीआर या रेडिओसंस्थेने माहितीचा अर्ज केला आणि ते रीतसर खुलं झालं २०२२ मध्ये, तीन वर्षांनी. तेही सोबतच्या बऱ्याच मजकुराला काळं फासून. ट्वीटने फोटो उघडा पडला, फाइल नाही.

लाल_फीत
तारांगण, एक नंबर. आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या मार-ए-लागो या घरी सापडलेल्या गोपनीय कागदांच्या खोक्यांचं काय? तिथे "मी ते खुले केले होते" हाच बचाव होता ना?

कायदेकानू
न्यायालयाबाहेर होता. न्यायालयात वकिलांनी तसं ठामपणे एकदाही म्हटलं नाही. २१ सप्टेंबर २०२२ ला अकराव्या सर्किटने या मुद्द्याला दिशाभूल म्हटलं, कारण गोपनीयता उठली तरी कागदातला मजकूर बदलत नाही आणि सरकारी कागद खाजगी होत नाही.

इथे दोन गोष्टी लोक नेहमी एकत्र करतात. पहिली, हेरगिरी कायदा १९१७ चा आहे, आजच्या शिक्क्यांच्या पद्धतीपेक्षा जुना. त्यातला गुन्हा 'देशाच्या संरक्षणाशी संबंधित माहिती' बेकायदा जवळ ठेवण्याचा आहे. शिक्का असण्या-नसण्यावर कायद्याचे शब्द टेकलेले नाहीत. दुसरी, मालकी. निक्सन प्रकरणानंतर १९७८ मध्ये प्रेसिडेन्शियल रेकॉर्ड्स अॅक्ट आला, तो २० जानेवारी १९८१ पासूनच्या कागदांना, म्हणजे रेगनपासून लागू. त्याआधी राष्ट्राध्यक्षाचे कागद त्याची खाजगी मालमत्ता समजली जायची. आता ते देशाचे. शपथविधीच्या दुपारी नवा माणूस येतो आणि जुन्या माणसाच्या कागदांचा ताबा राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातो. म्हणजे कुलूप दुसरं, किल्ली दुसरी.

खटला पुढे जुलै २०२४ मध्ये फेटाळला गेला, पण विशेष वकिलाची नेमणूकच घटनाबाह्य ठरवून. गोपनीयतेच्या मुद्द्यावर काहीच ठरलं नाही.

शंकासुर
म्हणजे गोपनीयता उठणं आणि कागद लोकांना मिळणं यांत अंतर आहे, असं तुम्ही सगळे म्हणताय. मला वाटायचं दोन्ही एकच.

दप्तरदार
अंतर आहे आणि चांगलंच लांब आहे. पुरावा घ्या. १९ जानेवारी २०२१, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीचा शेवटचा पूर्ण दिवस. त्यांनी 'क्रॉसफायर हरिकेन' (एफबीआयच्या त्या रशिया चौकशीचं सांकेतिक नाव) चौकशीच्या कागदांचं बाड खुलं केल्याचा लेखी आदेश काढला. लेखी! ट्वीट नाही, विचार नाही. दुसऱ्या दिवशी मेडोज यांनी ते बाड न्याय खात्याकडे परत पाठवलं, कारण त्यात व्यक्तींची खाजगी माहिती होती आणि प्रायव्हसी अॅक्टप्रमाणे ती झाकणं बाकी होतं. तितक्यात सरकार बदललं. बाड पडून राहिलं. मार्च २०२५ मध्ये त्याच माणसाने पुन्हा पदावर येऊन पुन्हा आदेश काढला, तेव्हा एप्रिलमध्ये ते बाहेर आलं, आणि तरीही काही काळ्या पट्ट्या होत्याच.

म्हणून आदेश चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: त्यात कारकुनाला करण्याजोगं काम सांगितलंय का? कोणते कागद, कुणी द्यायचे, कुठे, किती दिवसांत. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्लिंटन यांनी कोरोना या जुन्या हेर उपग्रहांची चित्रं खुली केली, तो आदेश (१२९५१) बघा. मोहिमांची नावं दिली आहेत, १८ महिन्यांत अभिलेखागाराकडे सोपवा म्हटलंय. आठ लाखांहून जास्त चित्रं लोकांसमोर आली.

ओली_शाई
आणि केनेडींच्या कागदांत हीच गोष्ट उलटीकडून दिसते. १९९२ चा कायदा म्हणत होता की २५ वर्षांनी, म्हणजे २६ ऑक्टोबर २०१७ ला सगळं बाहेर. राष्ट्राध्यक्षाने लेखी कारण दिलं तरच पुढे ढकला. ट्रम्पनी २०१७-१८ मध्ये ढकललं, बायडन यांनी २०२१ मध्ये ढकललं, २०२२ च्या डिसेंबरात १३ हजारांवर कागद सोडले, उरलेले ठेवले. सीआयए म्हणणार अमक्या खबऱ्याचं कुटुंब अजून आहे, एफबीआय म्हणणार तमक्या देशाशी कबुली आहे, आणि राष्ट्राध्यक्षापुढे आलेली यादी त्याच खात्यांनी केलेली.

मग २३ जानेवारी २०२५ चा आदेश आणि १८ मार्चच्या संध्याकाळी एकदम २,१८२ पीडीएफ, सुमारे ६३,४०० पानं. घाई इतकी की जिवंत माणसांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक तसेच उघडे राहिले. १९७० च्या दशकात संसदीय समित्यांत काम केलेली माणसं यात होती. शंकासुर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: एका सहीने होतं, पण सहीआधीची चाळण वगळली तर असं होतं.

लाल_फीत
आपल्याकडे तर नेताजींच्या फाइलींची अशीच...

भीमथडी
अवांतर आहे, पण लाल_फीत यांनी काढलंच आहे तर दोन ओळी. बंगाल सरकारने सप्टेंबर २०१५ मध्ये ६४ फाइली खुल्या केल्या, केंद्राने २३ जानेवारी २०१६ ला पहिल्या १००. आपल्या राष्ट्रपतींना किंवा पंतप्रधानांना अमेरिकेसारखा घटनेतून आलेला वैयक्तिक अधिकार नाही. इथे १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि त्याचे १९९७ चे नियम आहेत, २५ वर्षांनंतर कागद अभिलेखागाराकडे द्यायचे. माहिती अधिकाराच्या कलम ८(३) मध्ये २० वर्षांची सवलत आहे, पण सुरक्षा, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद त्यातूनही सुटतात. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल अजून बंदच.

शंकासुर
भारताचा वेगळा धागा काढा ना कुणीतरी. इथे फाटे नकोत.

मोडी_वाचक
भारताचा एक दुवा मात्र इथलाच आहे. १९७१ मध्ये निक्सन आणि किसिंजर इंदिरा गांधींबद्दल काय बोलत होते, हे आपल्याला कळलं ते अमेरिकेच्या कागदांतून. परराष्ट्र खातं 'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' नावाने दस्तऐवजांचे खंड काढतं. १९९१ च्या कायद्याने घटनेनंतर ३० वर्षांत खंड काढायचं बंधन आहे, जे बहुधा पाळलं जात नाही. १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगाचा अकरावा खंड २००५ मध्ये आला. पूर्ण मजकूर खात्याच्या इतिहास विभागाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, शोधताही येतो.

वाचताना चौकटी कंसांकडे लक्ष ठेवा. मधेच "दीड ओळ खुली केलेली नाही" असं छापलेलं असतं. किती मजकूर गाळला हे मोजून सांगतात. कधी तोच कागद दुसऱ्या संग्रहात वेगळ्या तपासनिसाच्या हातून सुटलेला असतो आणि तिथे नेमकी तीच ओळ उघडी सापडते. दोन प्रती शेजारी ठेवून वाचणं हा यातला सगळ्यात स्वस्त आणि फळणारा उद्योग आहे.

ओली_शाई
+१. आणि उलटंही होतं. २००६ मध्ये उघड झालं की खात्यांची माणसं अभिलेखागारात येऊन आधीच खुले असलेले कागद परत कपाटात टाकत होती. तपासणीत किमान २५,३१५ नोंदी काढून घेतल्याचं निघालं. नमुना तपासला तर साधारण चौथा हिस्सा उघडउघड चुकीने बंद केलेला. त्यातले काही कागद तोवर छापूनही झाले होते. सापडला की स्कॅन करून ठेवा.

शंकासुर
आता व्यवहारी प्रश्न. मागायचे कसे?

दप्तरदार
दोन वाटा आहेत आणि त्या मिसळू नका.

पहिली फॉइया, १९६६ चा माहितीस्वातंत्र्य कायदा. अर्जदार अमेरिकन नागरिक असावा अशी अट नाही, सांगलीतूनही चालतो. फक्त परदेशी सरकारच्या वतीने मागितलं तर गुप्तवार्ता संस्था नाकारू शकतात. उत्तराची मुदत २० कामकाजाचे दिवस, अडचण असल्यास आणखी १०. ती पोच मिळण्याची मुदत समजा. कागदाला वर्षं लागतात. नकार आला तर अपिलाला किमान ९० दिवस मिळतात. त्यानंतर न्यायालयात जाता येतं, ही या वाटेची ताकद. सामान्य अर्जदाराला शोधाचे पहिले २ तास आणि पहिली १०० पानं फुकट. अर्जातच "अमुक डॉलरपर्यंत खर्च मान्य, पुढे विचारा" लिहा, नाहीतर खर्चाच्या पत्रव्यवहारात अर्ज अडकतो.

दुसरी वाट एमडीआर, म्हणजे १३५२६ आदेशाखालची सक्तीची फेरतपासणी. नेमका कागद माहीत असेल तेव्हाच ही. तारीख, कुणी कुणाला पाठवला, विषय, खोक्याचा आणि फोल्डरचा क्रमांक. "१९७१ बद्दलचं सगळं" लिहिलंत तर अर्ज परत. खात्याला एक वर्ष, मग ६० दिवसांत खात्यातच अपील, आणि तिथेही नाही म्हणाले तर ६० दिवसांत आयस्कॅप या आंतरखातेय मंडळाकडे. न्यायालयाची दारं बंद, पण आयस्कॅपमध्ये ज्या खात्याने नकार दिला त्याचा शब्द शेवटचा नसतो. गेल्या दोन वर्षांत तपासलेला कागद ते पुन्हा तपासायला बांधील नाहीत, तेव्हा आधी चौकशी करा.

आणि व्हाइट हाउसचे कागद? पदावरच्या राष्ट्राध्यक्षाचे मागताच येत नाहीत. पायउतार झाल्यावर ५ वर्षांनी फॉइया लागू, त्यातही सहा प्रकारचे कागद तो १२ वर्षांपर्यंत अडवू शकतो. खुले करायच्या आधी माजी आणि विद्यमान दोघांनाही ६० कामकाजाचे दिवस आधी कळवतात.

कायदेकानू
दप्तरदारांना एक जोड. सगळ्यात जास्त वेळ 'दुसऱ्या खात्याची माहिती' या कारणाने जातो. परराष्ट्र खात्याच्या तारेत सीआयएचं एक वाक्य असेल तर ती तार सीआयएकडे जाते, त्यात पेंटॅगॉनचा आकडा असेल तर तिकडे. म्हणून शक्य असेल तिथे एकाच खात्याने लिहिलेला कागद आधी मागा. आणि उत्तरात कोणतं कलम लावलंय ते बघा. बी-१ म्हणजे गोपनीय, बी-३ म्हणजे दुसऱ्या कायद्याने बंद, बी-६ म्हणजे खाजगीपणा. बी-५ म्हणजे अंतर्गत चर्चा; पण २०१६ पासून त्यातली निर्णयाआधीच्या खलबतांची सबब २५ वर्षांपेक्षा जुन्या कागदाला चालत नाही, तरी सवयीने लावतात. अपिलात तेवढं एक वाक्य लिहिलं तरी पुरतं.

बटाटेवडा
आणि "आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही" आलं तर? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगबद्दल हेच सांगतात.

ओली_शाई
त्याला ग्लोमार उत्तर म्हणतात. समुद्रतळावरची सोव्हिएत पाणबुडी उचलणाऱ्या ग्लोमार एक्सप्लोरर जहाजाबद्दल एका पत्रकाराने विचारलं तेव्हा सीआयएने ते दिलं, १९७६ मध्ये न्यायालयापुढे आलं आणि रुळलं. यावर उपाय एकच: सरकारने ती गोष्ट अधिकृतपणे आधीच मान्य केल्याचा नेमका पुरावा जोडा. वर्तमानपत्रातली बातमी चालत नाही.

भीमथडी
दप्तरदार, तुम्ही वर कोरोनाच्या चित्रांचं लिहिलंत. ती मागायलाही फॉइया लागतो का? उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची धरणाआधीची चित्रं त्यात मिळतील का?

दप्तरदार
अर्ज नको, हाच तर त्या आदेशाचा फायदा. ती चित्रं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर आहेत. खातं उघडा, नकाशावर भीमेचं खोरं चौकटीत घ्या, डेटासेटमध्ये 'डीक्लासिफाइड' खाली पहिला संच निवडा. कोरोना १९६० ते १९७२ आणि उजनी भरलं १९८० च्या सुमारास, त्यामुळे काळ जुळतो.

सुरुवातीच्या मोहिमांत जमिनीवरचा तपशील १२ मीटरच्या आसपास, त्यात गाव म्हणजे एक डाग. केएच-४बी कॅमेऱ्याची चित्रं शोधा, १९६७ नंतरची. त्यात तपशील १.८ मीटरपर्यंत जातो, वाडे आणि वाटा ओळखू येतात. एकाच जागेची पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याची दोन चित्रं असतात, क्रमांकात डीएफ आणि डीए. दोन्ही घेतली तर जमिनीचा उठावही दिसतो. आधी कुणी स्कॅन करून घेतलेलं असेल तर चित्र फुकट उतरवता येतं. नसेल तर फ्रेममागे ३० डॉलर, आणि एकदा स्कॅन झालं की पुढच्या सगळ्यांना फुकट.

भीमथडी
उत्तम. स्कॅन हातात आल्यावर थेट गुगल अर्थवर टाकता येईल?

तारांगण
नाही. फिल्मची पट्टी लांबट आहे, केएच-४बीत १४ बाय १९० किलोमीटरच्या आसपास, आणि टोकांकडे चित्र ताणलं जातं. क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हवा तेवढाच तुकडा कापून घ्या आणि जे बदललं नाही अशा खुणांवर बसवा: रेल्वेचे पूल, जुन्या देवळांचे चौक, ओढ्यांचे संगम. रस्त्यांचे फाटे घेऊ नका, ते हललेले असतात. आणि पैसे भरण्याआधी लहान चित्र उघडून तारीख बघा. जून ते सप्टेंबरमधलं घेतलंत तर ३० डॉलरचे ढग मिळतील.